वाचकांचे प्रश्न : तिसरा रकाना

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. घरातला कोणी पलटणीत होता, लढाईवर गेला, शत्रूच्या हाती लागला, सुटून घरी आला आणि त्याविषयी फारसे न बोलताच गेला. किंवा आता उतारवयात थोडेथोडे बोलू लागला आहे. गेली वीस-बावीस वर्षे अशा सैनिकांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम मी करीत आलो आहे, म्हणून ही पत्रे संपादकांनी माझ्याकडे सोपवली. प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. १९४२ साली टोब्रुकला ते कैदी झाले आणि १९४५ साली घरी आले. आम्ही घराण्याचा इतिहास छापत आहोत. माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे, की शरणागती ही मिरवण्याची गोष्ट नव्हे, म्हणून ‘आफ्रिकेत लढले’ एवढेच लिहावे. आजोबांनीही कैदेविषयी कधी सांगितले नाही. मात्र शेवटपर्यंत ते उशाखाली भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून ठेवत. काय लिहावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : चुलतभावाला आधी लिबियातल्या टोब्रुकचे ते दोन दिवस सांगा. आजोबांची पलटण बहुधा २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री असावी, म्हणजे जुनी १०५वी, जिला आजही ‘काली पांचवी’ म्हणतात. ती अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि टोब्रुकभोवतीच्या बचावफळीची आग्नेय बाजू तिच्याकडे होती. जर्मन सेनापती रोमेलने हल्ल्यासाठी नेमकी हीच बाजू निवडली. २० जून १९४२ च्या पहाटे आधी बॉम्बफेकी विमाने आली, मग तोफा सुरू झाल्या आणि त्या धुराआडून सुरुंग काढत रणगाडे आत शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोब्रुकचे दक्षिण आफ्रिकी सेनापती क्लॉपर यांनी शरणागती दिली आणि तीस हजारांहून अधिक सैनिक एका हुकुमासरशी कैदी झाले. त्यांत ब्रिटिश होते, दक्षिण आफ्रिकी होते, गुरखे होते आणि आपले मराठे होते. खंदकातल्या शिपायाला शरण जायचे की नाही, हे कोणी विचारलेले नव्हते. ज्या पलटणीच्या अंगावरून पहिला रणगाडा गेला, तिच्यातल्या शिपायाच्या नातवंडांनी त्याबद्दल मान खाली घालावी, हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैदी गुन्हेगार नसतो हे स्पष्ट केले होते; त्याने शत्रूला स्वतःचे खरे नाव आणि हुद्दा, किंवा पलटणीतला नंबर, एवढेच सांगायचे असते. बाकी काहीही न सांगणे हे त्याचे कर्तव्य असते. म्हणजे तारेच्या आत गेल्यावरही शिपाई शिपाईच राहतो. तुमच्या आजोबांची ती तीन वर्षे लष्कराच्या हिशोबातही नोकरीचीच वर्षे होती. मग ती घराण्याच्या इतिहासातून का गाळायची?

टोब्रुकचे कैदी डेर्ना, बेनगाझी असे किनाऱ्या-किनाऱ्याने नेले गेले आणि पुढे जहाजांतून इटलीत उतरवले गेले. तेथे आव्हेत्सानोला, डोंगरांनी वेढलेल्या मैदानात, भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने युद्धातून अंग काढल्याचे जाहीर झाले, तेव्हा छावण्यांतले काही जण डोंगरात पसार झाले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना महिनोन् महिने लपवले आणि पोसले. ज्यांना पळता आले नाही, त्यांना जर्मनांनी मालगाडीच्या डब्यांत भरून जर्मनी आणि फ्रान्सकडे हलवले. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर ११ मे १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्याच विमानांचे बॉम्ब पडले. त्यात कित्येक भारतीय कैदी मेले. पण कुंपण फुटले आणि त्यातून निसटलेले सुमारे पाचशे जण पायी चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. आजोबांची वाट यांपैकी कोणती होती हे जाणण्यासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे त्यांचा नंबर, हुद्दा आणि गाव कळवून ‘शीट रोल’मधील, म्हणजे त्यांच्या लष्करी सेवापत्रकातील, नोंदी मागा. नंबर ठाऊक नसेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद किंवा पदकाची कड पाहा. अर्ज करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

आता भाकरीचा तुकडा. हा तुकडा तुम्ही इतिहासात लिहावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कैदेत असलेल्या एका निवृत्त हवालदाराने बऱ्याच वर्षांपूर्वी मला सुतळीचा तुकडा बोटांत धरून दाखवले होते, की सात जणांत एक पाव आला की तो कसा मोजत. सुतळी पावावर धरायची, तिच्या सात घड्या घालायच्या, घडी-घडीवर नखाने खूण करायची आणि मग कापायचे. कापणाऱ्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. हे दाखवताना त्यांचा आवाज शांत होता, पण सुतळी सोडताना त्यांनी ती गुंडाळून खिशात ठेवली. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या घरात, धान्याने भरलेल्या कणग्यांशेजारी बसून! तुमच्या आजोबांचे फडके आणि ही सुतळी एकाच छावणीतून आलेली आहेत, असे मी समजतो. त्यांनी सांगितले नाही असे तुम्ही म्हणता. ते दररोज रात्री सांगत होते.

प्रश्न : आमच्या गावात चावडीजवळ पहिल्या महायुद्धाची संगमरवरी शिळा आहे. पणजोबा त्या युद्धात तुर्कांच्या कैदेत होते, असे आजी सांगत असे. ते परत आले, पण चार वर्षांतच वारले. त्यांची नोंद कुठेच का नाही? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : या शिळा कोकणात आणि घाटावर पुष्कळ गावांत आहेत आणि त्यांवर दोनच गोष्टी कोरलेल्या असतात : गावातून लढाईवर किती गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले. जो गेला आणि कैद भोगून मोडक्या शरीराने परतला, त्याच्यासाठी तिसरा रकाना त्या दगडावर नाही. तुमचे पणजोबा ‘गेले’ या आकड्यात आहेत. तेथून पुढची त्यांची सगळी कथा दगडाबाहेर राहिली आहे.

तुर्कांची कैद आणि कोकणातला शिपाई हे दोन धागे जुळवले, तर पहिली शक्यता कूत-अल-अमाराची. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये आजच्या इराकमधल्या तैग्रिस नदीच्या वळणावरच्या या गावात अडकली. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी त्यात होत्या. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यामुळे शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या ताब्यात गेली. त्यांत शिपायांबरोबर स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले असे कितीतरी अनुयायीही होते, ज्यांची आठवण आपण आणखीच कमी काढतो.

वेढ्यातली एक बाब मी नेहमी सांगतो, कारण ती पुस्तकातल्या नकाशांपेक्षा बरेच काही उलगडते. शेवटच्या महिन्यांत घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. धर्माधिकाऱ्यांकडून तशी सूट मिळवली गेली होती, तरी कित्येक भारतीय शिपायांनी ते अखेरपर्यंत नाकारले. गावी परतल्यावर जातीत कोणी घेणार नाही, मुलीबाळींची लग्ने होणार नाहीत, ही धास्ती उपासमारीपेक्षा मोठी ठरली. परिणामी भारतीय पलटणींत स्कर्व्हीने हिरड्या फुगून दात हलू लागले, तर पांढऱ्या पिठावर राहिलेल्या ब्रिटिश पलटणींत बेरीबेरी हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग पसरला. अशा अवस्थेतल्या माणसांना नंतर वाळवंटातून बगदाद, समारा, मोसुल करत रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेले गेले आणि पुढे रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. हजारो जण वाटेतच किंवा कामावर मेले. तेव्हा परतल्यावर चार वर्षांत गेलेला माणूस युद्धात गेला की घरी, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही.

शोधासाठी दोन दारे आहेत. पहिले महायुद्ध चालू असताना जिनिव्हाच्या रेडक्रॉसने युद्धकैद्यांची लक्षावधी कार्डे तयार केली होती, ती आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. दुसरे दार बसऱ्याच्या स्मारकाचे. तेथे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांची नोंद आहे, पण मूळ भिंतीवर भारतीय सामान्य शिपायांची नावे न कोरता पलटणीगणिक केवळ आकडे कोरले गेले. पणजोबा परतले असल्याने त्यांच्यासाठी पहिलेच दार उपयोगी, मात्र आडनावावर विसंबू नका. परक्या कारकुनांनी कानाला आले तसे लिहिले आहे. पलटण, नंबर आणि मग नावाचा ध्वनी, या क्रमाने शोधा.

प्रश्न : माझे चुलत आजोबा सिंगापूरला पकडले गेले. ते आझाद हिंद सेनेत गेले नाहीत. लोकांना हे सांगितले की चेहरे बदलतात, जणू त्यांनी देशाशी काही वावगे केले. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास भारतीय सैनिकांना एकत्र करून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. तेथून पुढे प्रत्येकाला जो निर्णय घ्यावा लागला, तो घरी बसून निकाल देणाऱ्यांपैकी कोणालाही घ्यावा लागलेला नाही. जे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांनी देशासाठी नव्याने प्राण पणाला लावले आणि युद्धानंतर इंग्रजांनी त्यांची चौकशी करून निष्ठेनुसार ‘पांढरे, करडे, काळे’ अशा रंगांत त्यांची वर्गवारी केली. जे गेले नाहीत, त्यांच्यापैकी हजारोंना जपान्यांनी मजूर म्हणून प्रशांत महासागरातल्या न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन या बेटांकडे धाडले. जहाजांच्या तळघरात कोंबलेल्या या माणसांचे हाल जपान्यांनी तर केलेच, पण दोस्तांच्या पाणबुड्यांनीही केले : २६ जानेवारी १९४३ ला ‘बुयो मारू’ हे जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवले, तेव्हा त्यावर जवळपास पाचशे भारतीय युद्धकैदी होते आणि त्यांतले १९५ मेले. पुढे न्यू गिनीच्या जंगलात भूक, हिवताप आणि मारहाण यांनी पलटणीच्या पलटणी संपल्या.

मंगळूरचे जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा हे लष्कराच्या पुरवठा खात्यातले कारकून अशाच प्रकारे न्यू ब्रिटनला नेले गेले होते. परत आल्यावर १९४६ मध्ये त्यांनी सारे लिहून काढले आणि ते हस्तलिखित जवळजवळ पन्नास वर्षे घरात पडून राहिले. शेवटी मुलाने ते छापले. ते इतकी वर्षे का पडून राहिले याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ज्याची कथा ना इंग्रजांच्या विजयात बसत होती ना आपल्या स्वातंत्र्याच्या गौरवात, त्याला ऐकणारा मिळाला नाही. दोन्ही वाटांनी गेलेल्यांना मान देण्यात एकाचे काही काढून दुसऱ्याला द्यावे लागत नाही, एवढेच चेहरे बदलणाऱ्यांना सांगा.

प्रश्न : माझे बाबा १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत होते. आता ते ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायची माझी इच्छा आहे, पण ते सुरुवात करतात आणि थांबतात. स्वतःविषयी बोलताना ‘एक जवान होता’ असे म्हणतात. आईला वाटते, मी जुन्या जखमा उकरू नयेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, तुमच्या आईंचे म्हणणे प्रथम ऐका. तुम्ही बाबांना दिवसा विचाराल, पण त्यानंतरची रात्र आईंनीच काढायची आहे, आणि गेली पन्नास वर्षे त्या हेच करत आल्या आहेत. त्यांना बरोबर घेऊन बसा. पुष्कळदा आठवणीचा सुटलेला धागा पत्नीच्याच हाती असतो.

‘एक जवान होता’ हे वाक्य खोडू नका, ‘बाबा, तुम्हीच ना तो?’ असेही विचारू नका. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत भारतीय कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले गेले होते आणि ते आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात जपलेले आहेत. त्यांत मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई डिसेंबर १९१६ मध्ये यंत्रासमोर सांगतो, की एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे. तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनीने त्याला पकडले, आता त्याला घरी जायचे आहे. सांगतो आहे स्वतःचेच, पण ‘मी’ म्हणत नाही. ‘मी’ म्हटले की गळा दाटून येतो आणि ‘तो’ म्हटले की सांगता येते. बाबांना त्यांचा ‘जवान’ असू द्या आणि तुम्हीही त्याच जवानाची विचारपूस करा : त्या जवानाच्या पायात काय होते? सकाळी त्याला पहिला आवाज कशाचा ऐकू येई?

प्रश्न असेच लहान असावेत. ‘तुम्ही किती माणसे मारली’, ‘तुम्ही सापडलात कसे’ हे दोन प्रश्न कधीही विचारू नयेत. दुसऱ्यात तर आरोप दडलेला असतो. समोर बसण्याऐवजी शेजारी बसा आणि रोज अर्ध्या-पाऊण तासापुढे जाऊ नका. ते थांबले तर यंत्र चालू ठेवून तुम्हीही थांबा, पण पुन्हा बोलायला लावू नका. झोप उडाली, घाबरेघुबरे व्हायला लागले, तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. यात कमीपणा मानण्यासारखे काहीच नाही.

आणि त्यांची कोणाशी तुलना करू नका. हवाई दलाचे दिलीप परुळकर यांची कथा पुष्कळांना ठाऊक आहे : १० डिसेंबर १९७१ ला त्यांचे विमान पाडले गेले, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह बाहेर पडले, पेशावरमार्गे थेट अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला पोहोचले आणि तेथे लंडी खाना या स्थानकाकडे जायचे आहे असे म्हणाल्यामुळे पकडले गेले, कारण नकाशावरचे ते स्थानक १९३२ पासून बंद होते! परुळकर हे प्रसंग दिलखुलासपणे सांगत. काहींना ती देणगी असते. तुमच्या बाबांना ती नसेल, तर त्यांच्या अर्ध्या वाक्यांचे मोल तेवढेच आहे. किंबहुना मला ते अधिक वाटते, कारण अधिकाऱ्यांच्या आठवणी छापल्या गेल्या आहेत आणि शिपायांच्या अजून घराघरांत पडून आहेत.

प्रश्न : आजोबा म्हणत, की टोब्रुकला रोमेलने त्यांच्याशी हात मिळवला. हे खरे कसे मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : २१ जूनला सकाळी रोमेल टोब्रुकमध्ये होता, एवढे पक्के. हात मिळवला का, हे कोणताही कागद सांगणार नाही. आजोबा म्हणाले तसेच शब्दशः लिहा, ते कोणत्या साली आणि कोणाला म्हणाले तेही लिहा, आणि तुमची शंका वेगळ्या शाईने समासात नोंदवा. जिंकलेल्या सेनापतीने आपल्याकडे माणूस म्हणून पाहिले, ही गोष्ट एखाद्या कैद्याला जन्मभर जपावीशी वाटली असेल, तर ती इच्छाही इतिहासाचाच भाग आहे. जिवंत माणसाला मात्र तोंडावर दुरुस्त करू नये. तो त्यानंतर खऱ्या गोष्टीही सांगेनासा होतो.

प्रश्न : आजीच्या पेटीत आजोबांचे छावणीतून आलेले पेन्सिलीने लिहिलेले पत्रकार्ड सापडले. अक्षर आजोबांचे नाही, म्हणून ते खोटे असेल का? अक्षर पुसट झाले आहे, त्यावर पेन फिरवावे का? (एक वाचक, अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा)

उत्तर : पेन मुळीच फिरवू नका आणि लॅमिनेशनही करू नका. लिहिता न येणारे शिपाई शेजारच्या साक्षर जोडीदाराकडून पत्र लिहून घेत. एकाच हाताची पाच-सहा घरांतली पत्रे मी पाहिली आहेत, तेव्हा वेगळ्या अक्षरावरून ते खोटे ठरत नाही. उलट तेव्हा आजोबांशेजारी कोणी गाववाला होता का, याचा तो माग असू शकतो. आसपासच्या सैनिक घरांत चौकशी करा. कार्ड आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, उजेडापासून दूर ठेवा. छायाचित्र तिरप्या प्रकाशात काढले तर पेन्सिलीचा दाब उठून दिसतो आणि पुसट ओळी वाचता येतात. दोन्ही बाजूंचे काढा. छावणीचा क्रमांक आणि सेन्सॉरचा शिक्का बहुधा पत्त्याच्या बाजूला असतो, आणि घरोघरी मात्र तीच बाजू आतल्या अंगाला चिकटवून चौकटीत लावलेली आढळते.